अश्वत्थाम्याचे वकीलपत्र

‘कल्की २८९८ एडी’ हा नाग अश्विन यांनी दिग्दर्शित केलेला तेलुगू बोलपट २७ जून २०२४ रोजी देशभर झळकला आणि त्याची हिंदी आवृत्ती आमच्या इंदूर शहरातही दाखविली गेली. प्रेक्षकांनी त्यास भरभरून आश्रय दिला. जगभरचे उत्पन्न एक हजार कोटी रुपयांच्या पलीकडे गेल्याचे निर्मात्यांनी थोड्याच दिवसांत जाहीर केले. परंतु लोकाश्रय आणि विद्वन्मान्यता या दोन सवती एका घरात क्वचितच नांदतात. विद्वान परीक्षकांपैकी कित्येकांनी या चित्रास परकीय चित्रांची उसनवारी, हाणामारीचा दणदणाट आणि तीन तासांचा लांबट कंटाळा, अशा तीन शेऱ्यांत निकालात काढले. त्याच सुमारास दुसऱ्या दिशेनेही फटके बसले. महाभारताची मोडतोड झाली, अवताराची विटंबना झाली, अशी तक्रार भाविक मंडळींकडून आली. एकास चित्र फार पौराणिक वाटले, दुसऱ्यास पुरेसे पौराणिक वाटले नाही. आणि दोघांच्या मध्ये सापडलेल्या या बोलपटाच्या बाजूने बोलावयास शांतपणे कोणी उभे राहिले नाही.

ज्याच्यावर आरोप झाला त्याच्या बाजूने कोणी तरी बोलावे, हा न्यायसभेचा जुना संकेत आहे. या चित्राचे वकीलपत्र आम्ही त्या संकेतास अनुसरून घेत आहो. ते निर्दोष आहे असे सिद्ध करण्याचा आमचा हेतू नाही. त्यातील दोष आम्ही पुढे आपल्या तोंडाने सांगणार आहो. आमचे म्हणणे एवढेच की, या साऱ्या गदारोळात चित्राचा मुख्य विचार कोणाच्या फारसा ध्यानात आला नाही. आणि तो विचार देवळाच्या मंडपात बसून पुराण ऐकणाऱ्या आमच्या वाचकांस परका नसून अगदी घरचा आहे.

प्रथम कथेचा सारांश देणे अवश्य आहे. चित्राचा आरंभ कुरुक्षेत्रावर होतो. उत्तरेच्या गर्भावर ब्रह्मास्त्र सोडणाऱ्या द्रोणपुत्र अश्वत्थाम्यास श्रीकृष्ण शाप देतात. त्याच्या मस्तकीचा मणी जातो, मरणही त्यास नाकारले जाते. मात्र कलियुगाच्या अंती भगवंत पुन्हा गर्भात येतील तेव्हा त्या गर्भाचे रक्षण तू करशील आणि तोच तुझा निस्तार, असेही त्यास सांगण्यात येते. मग सहा हजार वर्षे उलटतात. चित्राच्या नावातील आकड्यामागे हाच हिशेब आहे. परंपरेने कलियुगाचा आरंभ इसवी सनापूर्वी ३१०२ या वर्षी धरतात. त्यात २८९८ मिळविले म्हणजे बरोबर सहा हजार होतात. त्या काळी जगात उरलेले शेवटचे शहर म्हणजे काशी. गंगा आटून गेली आहे, माणसे धुळीत आणि दारिद्र्यात वळवळत आहेत, आणि त्यांच्या डोक्यावर उलट्या पिरॅमिडासारखी एक अवाढव्य नगरी लोंबकळत आहे. तिचे नाव कॉम्प्लेक्स. पृथ्वीवरचे अन्न, पाणी आणि हिरवळ तिने वर ओढून घेतली आहे. तिचा स्वामी सुप्रीम यास्किन हा जराजर्जर पुरुष. ही भूमिका कमल हासन यांनी केली आहे. ज्या थोड्या स्त्रियांना अद्याप गर्भ राहू शकतो त्यांना धरून आणावे आणि त्यांच्या गर्भातून एक सत्त्व काढून स्वतःचे आयुष्य वाढवावे, असा उद्योग त्याने मांडला आहे. या बंदिनींपैकी सुमती, म्हणजे दीपिका पदुकोण, तेथून निसटते. शंभाला नावाच्या गुप्त वस्तीतील लोक तिला आश्रय देतात. प्रभास यांनी रंगविलेला भैरव हा बक्षिसासाठी माणसे पकडून देणारा भाडोत्री शिकारी. कॉम्प्लेक्समध्ये राहण्याचा परवाना मिळावा म्हणून तो तिच्या मागे लागतो. आणि त्याची वाट अडवून उभा राहतो तो सहा हजार वर्षांचा अश्वत्थामा, अर्थात अमिताभ बच्चन.

आता आरोप एकेक करून पाहू.

पहिला आरोप उसनवारीचा. वाळवंट आणि मोडक्या गाड्या ‘मॅड मॅक्स’मधून आल्या, वस्त्रे आणि धुरकट आकाश ‘ड्यून’मधून आले, शस्त्रे ‘स्टार वॉर्स’मधून आली, असे परीक्षकांनी म्हटले. हे खोटे नाही. किंबहुना फिर्यादीपक्षाने आपला सर्वांत बळकट पुरावा पुरेसा वापरला नाही, म्हणून तो आम्हीच पुढे ठेवतो. प्रजननासाठी कोंडलेल्या स्त्रियांनी पळून जाणे हा २०१५ च्या ‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’चा विषय होय; आणि वांझ झालेल्या जगात एकाच गर्भवतीला सुरक्षित स्थळी पोचविणे हा अल्फान्सो क्वारोन यांच्या २००६ च्या ‘चिल्ड्रन ऑफ मेन’चा विषय होय. हे दोन्ही कबूल करूनही आमचा प्रश्न उरतोच. त्या चित्रांत गर्भवतीचा रक्षक कोण असतो? कोठे एक बंडखोर स्त्री, कोठे जीवनास विटलेला एक सामान्य मनुष्य. येथे रक्षक कोण आहे? ज्याने एकदा जाणूनबुजून गर्भावरच अस्त्र सोडले तो. रक्षणाचे काम जगातील सर्वांत अपात्र मनुष्याकडे सोपविलेले आहे, आणि ते अपात्र आहे म्हणूनच त्याच्याकडे आले आहे. ही कल्पना परदेशातून आलेली नाही. ती सौप्तिकपर्वातून आली आहे. अंगरखा उसना असेल, पण आत उभा असलेला देह आपला आहे. शिवाय यंत्र आणि पुराण यांची सोयरीक आपल्याकडे काल-परवाची नाही. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आणि १९१७ साली ‘लंकादहन’ काढले तेव्हा कॅमेराही परदेशचा होता आणि त्याच्या करामतीही परदेशच्याच होत्या. पुढे डॉ. जयंत नारळीकरांनी आपल्या विज्ञानकादंबरीस ‘वामन परत न आला’ हे नाव दिले, तेव्हा अवताराची कल्पना यंत्रयुगाशी ताडून पाहण्यात कोणास काही गैर वाटले नाही.

दुसरा आरोप थट्टामस्करीचा. भैरव आणि त्याची बोलकी गाडी बुज्जी यांचे विनोद गंभीर कथेच्या अंगावर फोड यावेत तसे वाटतात, असे म्हणतात. ज्यांनी सिंधुदुर्गात अथवा गोमंतकात जत्रेच्या रात्री देवळापुढे दशावतारी खेळ पाहिला आहे, त्यांनी तरी हा आक्षेप घेण्यापूर्वी क्षणभर थांबावे. आड दशावतारात गणपती येतो, ऋद्धिसिद्धी येतात, सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो. आणि वेद चोरणारा संकासुर येतो तो आपल्या बोलीतील चावट विनोदाने मंडपभर हशा पिकवीत. पुढे विष्णूच्या हातून त्याचा वध होतो तेव्हा हसणारे तेच लोक हात जोडतात. देव आणि विदूषक एकाच रंगमंचावर, एकाच समईच्या उजेडात उभे करण्याची आपली रीत शिष्ट समीक्षेच्या जन्माआधीची आहे. भैरवाचा प्रत्येक विनोद साधला आहे, असे आम्ही म्हणत नाही. बरेच फसले आहेत. परंतु विनोद असणे हाच मुळी अपराध, हा दंडक आपल्या परंपरेचा नव्हे.

तिसरा आणि सर्वांत जड आरोप हिंसेचा. चित्रात मारामाऱ्या पुष्कळ आहेत, गोळीबार आहे, स्फोट आहेत आणि बंदिनींचा छळ आहे. येथे आम्हांस एक भेद करावासा वाटतो. हिंसा किती दाखविली याचे माप घेणे सोपे असते. ती कशासाठी दाखविली आणि तिचा जमाखर्च कोणाच्या नावे मांडला हे पाहणे अवघड असते. महाभारतात युद्धाची अठरा दिवसांची वर्णने आहेत. तरी वाचकाच्या मनावर सर्वांत भयंकर ठसा उमटतो तो युद्ध संपल्यानंतरच्या एका रात्रीचा. त्या रात्री अश्वत्थाम्याने झोपलेल्या धृष्टद्युम्नास लाथाबुक्क्यांनी मारले, द्रौपदीचे पाच पुत्र कापले आणि पुढे पांडवस्त्रियांच्या गर्भांवर अस्त्र सोडले. व्यासांनी हे सारे का सांगितले? हिंसेची गोडी लागावी म्हणून नव्हे. सूड एकदा सुटला म्हणजे तो कोठवर जातो, तर जो अद्याप जन्मलाही नाही त्याच्यापर्यंत जातो, हे दाखविण्यासाठी.

बोलपटाने नेमकी हीच गोष्ट आपल्या काळाच्या भाषेत मांडली आहे. यास्किन गर्भावर अस्त्र सोडत नाही. तो त्याचा कच्चा माल करतो. द्वापारातील अपराध क्रोधाने झाला, हा अपराध थंडपणे, प्रयोगशाळेत, दररोज, नोंदवहीत नोंद करून होतो. पुढच्या पिढीच्या वाट्याचे पाणी, अन्न आणि जीवन आजच्या म्हाताऱ्यांच्या दीर्घायुष्यासाठी शोषून घेणे, हीच खरी भ्रूणहत्या होय, असा त्यातला अभिप्राय आहे. आटलेली गंगा आणि ओरबाडलेले गर्भ ही दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवून दिग्दर्शकाने तो फारसे न बोलता सांगितला आहे. ज्या परीक्षकांना येथे केवळ दणदणाट ऐकू आला, त्यांच्या कानांविषयी आम्हांस काही म्हणावयाचे नाही. परंतु पौराणिक कथेची हिंसा वर्तमानाकडे बोट दाखविते, ही गोष्ट मराठी रसिकाने तरी विसरू नये. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे १९०७ चे ‘कीचकवध’ हे नाटक विराटपर्वातील एका हत्येवर उभे होते. प्रेक्षकांनी कीचकाच्या ठायी लॉर्ड कर्झन पाहिला आणि सरकारने १९१० साली नाटकावर बंदी घातली. सरकारला त्या नाटकाचा अर्थ बरोबर कळला होता.

भैरव आणि अश्वत्थामा यांच्या झुंजीविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण तिलाच सर्वाधिक नावे ठेवली गेली. ती लांबली आहे, हे खरे. परंतु भैरव म्हणजे कर्णाचा पुनर्जन्म, हे चित्राच्या शेवटी उघड होते तेव्हा ती झुंज मागे वळून निराळी दिसू लागते. कौरवांच्या एका छावणीतले दोन वीर सहा हजार वर्षांनी समोरासमोर आले आहेत आणि एकमेकांस ओळखत नाहीत. त्यांचे वैरही सर्वस्वी नवे नाही. द्रोणपर्वात कर्णाने कृपाचार्यांचा अपमान केला तेव्हा भाच्याने, म्हणजे अश्वत्थाम्याने, त्याच्यावर तलवार उपसली होती. दुर्योधनाने मध्ये पडून ती झुंज थांबविली. तेव्हाची थांबलेली झुंज येथे पुरी होते, असे कोणी म्हटले तर ते अगदीच निराधार ठरणार नाही. १९६७ साली शिवाजी सावंतांचे ‘मृत्युंजय’ प्रसिद्ध झाल्यापासून मराठी घरांत कर्णाविषयी जी माया आहे, तिला या चित्राने मोठी परीक्षेत घातले आहे. आपला लाडका कर्ण येथे एका गर्भवतीला पैशासाठी पकडावयास निघाला आहे. दानशूराचा असा लोभी पुनर्जन्म दाखविण्यास धैर्य लागते.

आता भाविकांच्या तक्रारीकडे वळू. तिचा विचार आम्ही अधिक आदराने करतो, कारण ती श्रद्धेतून आलेली आहे. दूरदर्शनच्या ‘महाभारत’ मालिकेत भीष्मांची भूमिका करणारे मुकेश खन्ना यांनी असा आक्षेप घेतला की, श्रीकृष्णांनी अश्वत्थाम्याचा मणी काढला नाही आणि पुढे तू माझे रक्षण करशील असेही त्यास कधी सांगितले नाही. संभल येथील कल्किधामाचे पीठाधीश्वर आचार्य प्रमोद कृष्णम् यांनी तर जुलै २०२४ मध्ये निर्मात्यांस कायदेशीर नोटीस पाठविली.

मण्याचे प्रकरण पाहता एक मौज दिसते. सौप्तिकपर्वाच्या कथेत अश्वत्थामा आपला मणी स्वतः देऊन टाकतो आणि भीमसेन तो द्रौपदीस नेऊन देतो. श्रीमद्भागवताच्या प्रथम स्कंधात अर्जुन त्यास बांधून आणतो, द्रौपदी त्याच्या प्राणांची भीक मागते आणि अर्जुन तलवारीने केसांसह मणी कापून घेतो. दोन्ही ग्रंथ आपल्यास पूज्य. दोन्ही साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत. म्हणून आपण कोणास खोटे ठरविले नाही. प्रत्येक निवेदकाने प्रसंगाचा निराळा भाव पुढे आणला, असे समजून आपण दोन्ही ऐकत आलो. हीच सवलत तिसऱ्या निवेदकास का मिळू नये?

अवताराचा संबंध प्रयोगशाळेशी जोडला, हाही एक आक्षेप कानावर आला. त्यास उत्तर अश्वत्थाम्याच्या घरातच आहे. त्याचे पिते द्रोण पात्रात जन्मले, मामा कृप आणि आई कृपी शरांच्या बेटात जन्मली, ज्याच्याशी त्याचे हाडवैर तो धृष्टद्युम्न यज्ञाग्नीतून निघाला, आणि ज्यांच्या बाजूने तो लढला ते शंभर भाऊ तुपाच्या कुंभांत वाढले. जन्माची रीत विलक्षण असणे हे महाभारतात लांच्छन नसून बहुधा मोठेपणाचे चिन्ह आहे. राहिला कालगणनेचा मुद्दा. कलियुग ४,३२,००० वर्षांचे असताना सहा हजारांव्या वर्षी कल्की कसा, हे विचारणे रास्त आहे आणि या जागी चित्र पुराणाशी जुळत नाही हे आम्ही मान्य करतो. परंतु मातेचे नाव सुमती, स्थानाचे नाव शंभल, ही कल्किपुराणातील खूण त्याने जपली आहे. कल्पित कथेने पंचांग चुकविले म्हणजे तिने देव चुकविला, असे होत नाही.

कायद्याचे दोन शब्दही येथे अप्रस्तुत होणार नाहीत. चित्र प्रदर्शित झाल्यावर चारच दिवसांनी, १ जुलै २०२४ पासून, भारतीय न्याय संहिता अमलात आली आणि दंडसंहितेच्या जुन्या २९५-अ कलमाची जागा नव्या २९९ व्या कलमाने घेतली. दोहोंचा गाभा एकच आहे: धर्मभावना दुखावल्या एवढ्याने गुन्हा होत नाही, त्यामागे जाणूनबुजून धरलेला दुष्ट हेतू असावा लागतो. आणि एखादी कृती कोणाच्या नजरेने पाहावी याचा दंडक आमच्याच जुन्या प्रांताच्या न्यायसभेने घालून दिला आहे. नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी भगवतीचरण शुक्ल यांच्या खटल्यात असे प्रतिपादन केले की, लिखाणाचा परिणाम समंजस, खंबीर आणि धीट मनाच्या माणसाच्या मापाने मोजावा. दुबळ्या आणि प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या मनाच्या मापाने मोजू नये. गोविंद निहलानी यांच्या ‘तमस’ या मालिकेचा प्रश्न १९८८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा त्या न्यायालयानेही याच मापाचा आधार घेतला. आमची विनंती एवढीच की, भाविकाने स्वतःस त्या खंबीर माणसांत गणावे. ज्या चित्रात श्रीकृष्णाचा चेहराही संकोचाने झाकून ठेवला आहे, त्याच्या ठिकाणी दुष्ट हेतू शोधणे हे त्या खंबीरपणास शोभणारे नाही.

येथवर आम्ही बचाव केला. आता ज्यासाठी हे चित्र आम्हांस मोलाचे वाटते ती गोष्ट सांगतो.

सौप्तिकपर्वात अश्वत्थाम्याला झालेल्या शिक्षेची मुदत दिलेली आहे: तीन हजार वर्षे. रक्तपुवाच्या दुर्गंधीसह, कोणाच्याही सोबतीवाचून, निर्जन प्रदेशांत भटकणे. परंपरेची कालगणना धरली तर ही मुदत इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातच संपली. राजाने दंड केला म्हणजे अपराधी शुद्ध होतो, असे मनुस्मृतीही सांगते. मग अश्वत्थामा केव्हाच मोकळा व्हावयास हवा होता. परंतु लोकांनी त्यास सोडले नाही. आपल्या भाषेत आजही न भरणाऱ्या दुःखास अश्वत्थाम्याची भळभळती जखम म्हणतात आणि तो जखमेसाठी दारोदार तेल मागत फिरतो असे घरोघरी सांगतात. इंदूरहून बऱ्हाणपूरकडे जाताना, बऱ्हाणपुराच्या अलीकडे सुमारे २० किलोमीटरांवर असीरगड लागतो. त्या गडावरच्या महादेवाच्या पिंडीवर पहाटे सर्वांच्या आधी कोणी तरी फूल वाहून जातो आणि तो अश्वत्थामा होय, अशी या निमाड भागातील दंतकथा आहे. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातील अस्तंबा शिखर त्याचेच स्थान मानतात आणि दिवाळीत तेथे आदिवासी बांधवांची यात्रा भरते. नर्मदेच्या परिक्रमेस गेलेले यात्रिकही तो झाडीत भेटल्याच्या कथा सांगतात.

मुदत संपूनही लोकांनी ही शिक्षा का चालू ठेवली? आम्हांस याचे एकच कारण दिसते. दंड आणि प्रायश्चित्त या दोन वस्तू आपला समाज निराळ्या मानतो. दंड दुसरा देतो, प्रायश्चित्त स्वतः घ्यावे लागते. दंडात मनुष्य भोगतो, प्रायश्चित्तात तो काही करतो. स्वतः व्यवसायाने वकील असलेल्या भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात पातके आणि प्रायश्चित्ते यांचा जो विस्तृत परामर्श घेतला आहे, तो वाचताना या भेदाचे महत्त्व पटते. युधिष्ठिराच्या हातून स्वजनांचा संहार झाला. त्यास अश्वमेधाचा मार्ग मिळाला. अश्वत्थाम्यास शाप मिळाला, मार्ग मिळाला नाही. त्याने भोगले पुष्कळ, केले काहीच नाही. म्हणून लोककथेने त्यास असीरगडावर फूल वाहावयास लावले. त्याच्या हातून काही तरी सत्कृत्य घडावे, ही ती धडपड आहे.

आणि पुराणांतही या कथेचा शेवट शापात होत नाही. विष्णुपुराण आणि श्रीमद्भागवत यांत पुढील, म्हणजे सावर्णि मन्वंतराच्या सप्तर्षींची नावे दिली आहेत. त्यांत व्यास, कृप, परशुराम यांच्या पंक्तीस द्रोणपुत्र अश्वत्थामाही आहे. भ्रूणहत्येचा अपराधी एके दिवशी ऋषी होणार, हे शास्त्राचेच वचन आहे. पण रक्त गाळीत रानोमाळ भटकणारा शापित आणि आकाशात स्थिर झालेला ऋषी, यांच्या मधला रस्ता कोणता? तो या ग्रंथांनी सांगितलेला नाही. बोलपटाने त्या रिकाम्या जागी आपले पाऊल ठेवले आहे. ज्या प्रकारचा जीव त्याने मारू पाहिला त्याच प्रकारच्या जिवाचे त्याने रक्षण करावे, हे त्याचे उत्तर आहे. श्रीकृष्ण असे बोलले नव्हते, हे मुकेश खन्ना यांचे म्हणणे शब्दशः खरे आहे; परंतु ज्या कथेत गुन्हेगार अखेर ऋषी होतो तिच्या आशयास हे बोलणे विसंगत नाही.

हा केवळ ग्रंथांतला वाद असता तर आम्ही एवढी शाई खर्च केली नसती. शिक्षा पुरी भोगून कारागृहाबाहेर आलेल्या मनुष्यास आपला समाज काय देतो? कायदा म्हणतो, तुझे देणे फिटले. गाव म्हणते, तुझी जखम आम्हांस दिसते आहे, दूर उभा राहा. त्यास घर मिळत नाही, काम मिळत नाही, देवळाच्या उत्सवात हाती ताट मिळत नाही. आपण त्यास असीरगडावर ठेवून देतो. चांगले काही करण्याची संधीच ज्यास मिळत नाही तो सुधारला नाही, असे म्हणण्याचा अधिकार आपल्यास पोचतो काय? तीन तासांच्या दणदणाटातून हा प्रश्न आमच्यापर्यंत पोचला, आणि एखाद्या कीर्तनाने याहून अधिक काय करावे, हे आम्हांस सांगता येत नाही.

गोमंतकातील कुळांस या चित्रात आणखीही एक ओळखीची खूण सापडेल. सोळाव्या शतकात धर्मच्छळाच्या दिवसांत कुशस्थळीचा मंगेश नदीपार प्रियोळास गेला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. ज्यांनी ते देव हलविले त्यांच्यापाशी सैन्य नव्हते. राज्य शत्रूचे होते. त्यांच्यापाशी फक्त जपून ठेवण्याची जिद्द होती. शंभालातील माणसे सुमतीस लपवून ठेवतात ती याच जिद्दीने. आणि हे सारे काशीच्या छायेत घडते. विश्वेश्वराचे मंदिर पाडले गेल्यावर सुमारे शतकाने, १७८० साली ते पुन्हा उभे करणाऱ्या अहिल्याबाई होळकर ज्या राज्याच्या, त्या राज्याच्या राजधानीतील प्रेक्षकास पडद्यावरची उजाड काशी पाहून काही न वाटणे कठीण आहे.

दोष सांगण्याचे वचन दिले होते, ते पाळतो. चित्राचा पूर्वार्ध सैल आहे. भैरवाची ओळख करून देण्यात जो वेळ गेला त्यात सुमतीची ओळख पुरी झाली असती. ही स्त्री कथेचे केंद्र असूनही तिला बोलावयास फार थोडे दिले आहे; तिचा गर्भ सर्वांना दिसतो, तिचे मन कोणास दिसत नाही. अग्नीतून ती अक्षत चालत बाहेर येते तो प्रसंग भव्य आहे, पण भव्यता म्हणजे व्यक्तिरेखा नव्हे. प्रसिद्ध मंडळींचे क्षणभराचे प्रवेश केवळ टाळ्यांसाठी घातले आहेत. शेवटही अपुरा ठेवून पुढील भागाचे आश्वासन दिले आहे. कथेने प्रेक्षकास उत्सुक ठेवावे, ऋणको समजू नये.

या उणिवा भरून काढल्या आहेत त्या एका नटाने. अमिताभ बच्चन या वेळी ८१ वर्षांचे होते. कुरुक्षेत्राच्या प्रसंगात यंत्राच्या करामतीने त्यांचा चेहरा तरुण केला आहे, आणि तो पाहावासा वाटत नाही. पुढे चिंध्यांनी गुंडाळलेला, थकलेला, स्वतःच्या अमरत्वाला कंटाळलेला त्यांचा अश्वत्थामा मात्र विसरता येत नाही. तो लढतो तेव्हा जिंकण्याची ईर्ष्या दिसत नाही. उशिरा हाती आलेले काम या वेळी तरी बिघडू नये, एवढी काळजी दिसते. त्या काळजीपुढे यास्किनाची सारी नगरी लहान वाटते.

परीक्षकांनी चित्राच्या चुका मोजल्या, भाविकांनी त्याची पंचांगे तपासली. दोन्ही कामे कोणी तरी करावयाचीच असतात. आमचा निवाडा वाचकांवर बंधनकारक नाही; तथापि ज्यांनी लोकांच्या बोलण्यावरून हे चित्र पाहावयाचे टाळले असेल, त्यांनी ते एकदा पाहावे आणि आरोपीस स्वतः ऐकून मग आपले मत द्यावे. अश्वत्थाम्यास सहा हजार वर्षे कोणी ऐकून घेतले नाही. तीन तास देण्यास हरकत नसावी.